‘बीम रिअ‍ॅक्शन’ उपकरण: दोन सत्रांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या तंत्रनिकेतनातील अप्लाइड मेकॅनिक्सच्या प्रयोगशाळेत एक जुनी लाकडी तुळई आणि तिच्याखालचे दोन गंजलेले वजनकाटे होते. ते निकालात काढून तुळईच्या आधारांवर येणाऱ्या प्रतिक्रिया मोजणारे नवे उपकरण घ्यायचे ठरले, तेव्हा दरपत्रके मागवण्यापासून पेटी उघडण्यापर्यंतची सारी जबाबदारी माझ्याकडे आली. प्रयोगशाळेची बरीच उपकरणे अंबाल्याहून येतात, तसेच हेही तिथल्या एका कारखान्यातले असून पुण्यातील एका विक्रेत्यामार्फत आमच्यापर्यंत पोहोचले. कारखान्याचे व विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या मी एकाच नगावरून सांगत आहे. उपकरण काय शिकवते, कुठे फसवते आणि घेणाऱ्याने पेटी उघडल्याबरोबर काय तपासावे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

पेटीतून निघते ती अ‍ॅल्युमिनियमची पोकळ चौकोनी तुळई १००० मिमी लांबीची आहे. दोन्ही टोकांपासून ५० मिमी आत, तुळईच्या खालच्या अंगाला पोलादी धारेचे टेकू रिव्हेट करून बसवलेले आहेत, आणि हे टेकू दोन तबकडीच्या वजनकाट्यांवर विसावतात. काटे दाबाचे, म्हणजे वरून भार आला की आतील स्प्रिंग दबून सुई फिरणारे, असून प्रत्येकाची क्षमता १० किलो आणि लीस्ट काउंट, म्हणजे तबकडीवरचा सर्वांत लहान भाग, १०० ग्रॅम आहे. भार टांगण्यासाठी दोन सरकते हूक, खाचेची वजने आणि इंग्रजीत छापलेले दोन पानी माहितीपत्रक सोबत येते. तुळईचे वजन १.२ किलो आणि प्रत्येक हुकाचे १५० ग्रॅम भरले. ही वजने माहितीपत्रकात नाहीत. ती मी प्रयोगशाळेतील तराजूवर करून घेतली.

ज्यांचा या विषयाशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली असतील त्यांच्यासाठी प्रयोगाचे सूत्र थोडक्यात मांडतो. दोन टोकांना नुसती टेकवलेली तुळई उभ्या भारांखाली स्थिर असेल, तर दोन गोष्टी खऱ्या असाव्याच लागतात: खालून वर ढकलणाऱ्या दोन प्रतिक्रियांची बेरीज वरच्या भारांइतकी असते, आणि कोणत्याही एका बिंदूभोवती घेतलेल्या सर्व आघूर्णांची, म्हणजे बल गुणिले त्या बिंदूपासूनचे अंतर, ज्याला मुले सर्रास मोमेंट म्हणतात, बेरीज शून्य येते. डाव्या आधाराभोवती आघूर्ण घेतले की त्या आधाराची प्रतिक्रिया आपोआप गणितातून बाहेर पडते, कारण तिचे अंतर शून्य असते, आणि उरलेल्या एका समीकरणातून उजव्या आधाराची प्रतिक्रिया मिळते. दोघांनी खांद्यावर घेतलेल्या काठीला पाण्याचा हंडा अडकवला असेल, तर हंडा ज्याच्या जवळ त्याचा खांदा जास्त दुखतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तराची दिशा कागद न घेताही कळते. कागद लागतो तो आकड्यासाठी.

आता या उपकरणाच्या सर्वांत मोठ्या दोषाकडे येतो. तुळईवर रंगवलेली मोजपट्टी डाव्या टोकापासून सुरू होते, डाव्या टेकूपासून नव्हे. माहितीपत्रकातील आकृतीतही गाळा, म्हणजे दोन आधारांमधील अंतर, टोकापासून टोकापर्यंत दाखवलेला असून नमुन्याच्या गणितात तो १००० मिमी धरला आहे. प्रत्यक्षात टेकू ५० मिमी आत असल्यामुळे गाळा ९०० मिमी आहे आणि मोजपट्टीवरील प्रत्येक वाचनातून ५० मिमी वजा केल्यावरच डाव्या आधारापासूनचे खरे अंतर मिळते. वाचताना ही किरकोळ बाब वाटेल. मलाही तशीच वाटली होती, आणि पहिल्या तीन बॅचचे प्रयोग माहितीपत्रकाप्रमाणेच पार पडले. उत्तरे जुळली, जर्नलवर सह्या झाल्या आणि कोणाला काही खटकले नाही.

ती का जुळली हे नंतर बसून काढले, तेव्हा या दोषाचा खरा धूर्तपणा लक्षात आला. आमच्या प्रयोगात मोजपट्टीवर २०० मिमी येथे २ किलो आणि ६०० मिमी येथे ३ किलो टांगतात. माहितीपत्रकाच्या पद्धतीने उजवी प्रतिक्रिया येते २ गुणिले २०० अधिक ३ गुणिले ६००, भागिले १०००, म्हणजे २.२ किलो, आणि डावी २.८ किलो. योग्य अंतरे घेतली तर २ गुणिले १५० अधिक ३ गुणिले ५५०, भागिले ९००, म्हणजे २.१६७ किलो, आणि डावी २.८३३ किलो. दोन उत्तरांत फरक अवघा ३३ ग्रॅमचा, आणि तबकडीवरचा सर्वांत लहान भाग १०० ग्रॅमचा! चुकीचे गणित करणाऱ्यालाही सुई बरोबरच असल्याचा कौल देते. भार जितका मध्याच्या जवळ तितकी ही चूक लहान होत जाते आणि बरोबर मध्यावर, ५०० मिमी येथे, ती पूर्णपणे नाहीशी होते. शिवाय मध्याच्या दोन बाजूंना दोन भार असतील तर त्यांच्या चुका एकमेकींना काही अंशी खाऊन टाकतात, आणि वरच्या उदाहरणात नेमके तेच झाले आहे.

येथे आपल्या नेहमीच्या पडताळ्याबद्दलही एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन्ही प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराइतकी आली की गणित बरोबर, असे आम्ही शिक्षक सवयीने सांगतो. पण २.२ आणि २.८ यांची बेरीजही ५ आहे, आणि २.१६७ व २.८३३ यांचीही ५ आहे. बिघडलेल्या गाळ्यावर उजव्या आधाराभोवती आघूर्ण घेऊन स्वतंत्र पडताळा केला तरी तोच बिघडलेला गाळा पुन्हा वापरला जातो आणि तो पडताळाही निमूटपणे जुळतो. समीकरणे एकमेकांशी प्रामाणिक आहेत की नाहीत एवढेच कागदावरचा पडताळा तपासू शकतो. पट्टी चुकीच्या जागेवरून लावली होती का, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

ही चूक पकडली ती एका विद्यार्थिनीने, आणि तीही मुद्दाम नव्हे. दोन्ही हूक एकत्र डावीकडे सरकवून तिने ५ किलो भार १०० मिमीच्या खुणेवर टांगला, आणि उजवी प्रतिक्रिया ०.५ किलो यायला हवी असताना सुई पावणेतीन भागांच्या आसपासच थांबली. काटा अडकला असेल असे समजून मी तो दोनदा तपासला. योग्य अंतराने हिशेब केला तर ५ गुणिले ५० भागिले ९००, म्हणजे ०.२७८ किलो, सुई अगदी खरे बोलत होती. त्यानंतर आम्ही तोच भार आणखी डावीकडे, २० मिमीच्या खुणेवर नेला. आता भार टेकूच्या बाहेर, ३० मिमी लोंबता होता. माहितीपत्रकाचे सूत्र उजवी प्रतिक्रिया अधिक ०.१ किलो सांगते, तर खरे उत्तर उणे ०.१६७ किलो आहे. उजवी सुई सुरुवातीच्या वाचनापेक्षा दीड भागाहून अधिक मागे सरकली. तुळईचे स्वतःचे निम्मे वजन त्या टेकूवर आधीच असल्यामुळे तुळई उचलली गेली नाही, परंतु आधार खाली खेचायला हवा अशी स्थिती म्हणजे काय, हे वीस मुलांनी एकाच वेळी डोळ्यांनी पाहिले. फळ्यावर उणे चिन्ह काढून ही गोष्ट मी इतकी वर्षे शिकवत आलो, पण मागे फिरणाऱ्या सुईने जे केले ते माझ्या उणे चिन्हाला कधी जमले नव्हते.

म्हणून तुळईचे टेकू आत बसवणे ही मुळात उणीव नसून या उपकरणाची सर्वांत मोलाची सोय आहे, आणि ती सोय आहे हे माहितीपत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसावे, असे माझे मत झाले आहे. विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘सर, सगळ्या कॉलेजांत असाच माल जातो, आजवर कोणी बोलले नाही’ असे उत्तर मिळाले, आणि मला त्यात खोटे काही वाटत नाही. मध्यावर भार टांगून प्रयोग उरकला की बोलण्याचे कारणच उरत नाही. आम्ही मूळ मोजपट्टी घासून काढली आणि डाव्या टेकूच्या धारेवर शून्य येईल अशी नवी पट्टी चिकटवली, जिच्यावर टेकूच्या डावीकडील ५० मिमी लाल शाईत उणे दाखवले आहेत. खर्च जेमतेम चहापाण्याइतका झाला.

वजनकाट्यांबद्दल संमिश्र बोलावे लागेल. ज्ञात वजने ठेवून तपासले असता डाव्या काट्याने ५ किलोला ५ दाखवले, उजव्याने मात्र ४.८, आणि हे चार टक्क्यांचे कमी दाखवणे जवळपास सर्व वजनांना सारखेच होते. सारखे असल्यामुळे त्याचा उपाय सोपा आहे: उजव्या वाचनाला ०.९६ ने भागायचे, आणि तशी चिठ्ठी काट्यावर लावायची. ज्याचा उपाय सोपा नाही तो दोष आतील दातेरी यंत्रणेतील घर्षणाचा आहे. वजने वाढवत नेताना मिळणारे वाचन आणि तीच वजने उतरवत येताना मिळणारे वाचन यांत कधी कधी एका भागापर्यंत तफावत येते. चढतीचे व उतरतीचे अशी दोन्ही वाचने घेऊन सरासरी काढली आणि वाचण्यापूर्वी बैठकीवर बोटाने हलकेच टिचकी मारली, तर ही तफावत बरीच कमी होते. तबकडी खाली आणि उभे राहून वाचणारा विद्यार्थी वर, त्यामुळे तिरकस पाहण्याची चूकही होते. तबकडीवर सुईच्या मागे आरशाची पट्टी दिली असती तर ती टळली असती.

आणखी एक बारकावा शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावा. तुळईचे स्वतःचे वजन हिशेबातून काढण्यासाठी भार टांगण्यापूर्वीची सुरुवातीची वाचने टिपून ती शेवटच्या वाचनांतून वजा करतात. बहुतेक विद्यार्थी ही सुरुवातीची वाचने हूक कुठेही असताना घेतात आणि मग हूक सरकवून भार टांगतात. एक हूक २०० वरून ६०० मिमीवर सरकवला तर त्याच्या १५० ग्रॅम वजनापैकी सुमारे ६७ ग्रॅम भार डाव्या आधारावरून उजव्यावर जातो, म्हणजे सुई तबकडीच्या एका भागाच्या दोन तृतीयांशाइतकी केवळ हुकाच्या जागेमुळे हलते. हूक आधी ठरलेल्या जागी न्यावेत, मग सुरुवातीचे वाचन घ्यावे आणि त्यानंतर हूक न हलवता वजने लावावीत. हा क्रम माहितीपत्रकात कुठेच सांगितलेला नाही. तबकडी किलोत असल्यामुळे आकडे आधी किलोतच जुळवून मग अखेरीस ९.८१ ने गुणून न्यूटनमध्ये लिहावेत. मधेच एकके बदलणाऱ्यांच्या वहीत २ किलो आणि १९.६२ न्यूटन एकाच बेरजेत शेजारी बसलेले मी दर वर्षी पाहतो.

स्प्रिंग दबतात, मग तुळई कलते, मग अंतरे बदलत नाहीत का, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच, आणि या उपकरणाबाबत त्याचे उत्तर समाधानकारक आहे. तुळई कलली तर भारांची व टेकूंची आडवी अंतरे सगळी एकाच प्रमाणात आक्रसतात, आणि प्रतिक्रिया अंतरांच्या गुणोत्तरावर अवलंबून असल्यामुळे ते प्रमाण छेदून जाते. अट एवढीच की भार तुळईला टांगून मोकळा लोंबता असावा. याच्या उलट अनुभव जिन्यावरून लोखंडी कपाट चढवताना येतो: कपाट तळाशी धरलेले असते, त्याचा गुरुत्वमध्य हातांच्या बराच वर असतो, आणि कलताच तो खालच्या माणसाकडे झुकतो, म्हणून खालचा माणूस घामाघूम होतो. या तुळईत हूक जवळजवळ टेकूंच्याच पातळीवर लोंबत असल्याने हा परिणाम मोजण्यापलीकडचा लहान आहे.

हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगायची तर, दोन आधारांच्या तुळईत एक स्प्रिंग मऊ आणि दुसरी ताठ असली तरी प्रतिक्रियांत फरक पडत नाही. आधार दोनाऐवजी तीन झाले की मात्र फरक पडतो, आणि याची प्रचीती घेण्यासाठी शेजारच्या एका महाविद्यालयाकडून त्याच बनावटीचा तिसरा काटा उसना आणला आणि तो मध्यावर, तुळईला केवळ स्पर्श करील अशा उंचीवर बसवला. मध्यावर तुळईवरूनच ६ किलो ठेवले, तेव्हा तिन्ही काट्यांनी, दुरुस्तीनंतर, २ किलोच्या आसपास वाचन दिले. समीकरणे मात्र दोनच उरतात आणि अज्ञात प्रतिक्रिया तीन होतात. तुळई आपल्या मानाने ताठ आणि तिन्ही स्प्रिंग सारख्या, म्हणून तिन्ही सारख्या दबल्या आणि भार समान वाटला गेला. हेच आधार दगडासारखे पक्के असते तर मध्यावरचा सगळाच्या सगळा भार मधल्या आधाराने एकट्याने घेतला असता. तिसरा टेकू आला की आधार किती दबतो हा प्रश्न गणितात शिरतो, आणि निव्वळ समतोलाच्या समीकरणांनी तुळई सुटत नाही, हे त्या एका तासात जितके स्पष्ट झाले तितके पुढच्या वर्षीच्या विषयात चार तास घालूनही होत नाही.

समवितरित, म्हणजे सारख्या पसरलेल्या, भारासाठी, ज्याला मुले यूडीएल म्हणतात, उपकरणात काहीही सोय नाही आणि ही उणीव मला खरोखर जाणवली, कारण परीक्षेतील गणितांत असा भार जवळजवळ नेहमीच असतो. आम्ही गोठ्यातली जाड साखळी आणली. तिचा २.४ किलोचा तुकडा डाव्या टेकूपासून ६०० मिमीपर्यंत तुळईवर सारखा पसरून ठेवला. संपूर्ण भार त्याच्या मध्यावर, म्हणजे ३०० मिमीवर, एकवटला आहे असे धरले तर उजवी प्रतिक्रिया २.४ गुणिले ३०० भागिले ९००, म्हणजे ०.८ किलो, आणि डावी १.६ किलो; तबकड्यांनी हेच आकडे दाखवले. त्यानंतर साखळी उचलून तिचाच गोळा ३०० मिमीवर टांगला, तेव्हा सुया जागच्या हलल्या नाहीत. पसरलेल्या भाराऐवजी मध्यावर एक बिंदूभार धरण्याची मुभा प्रतिक्रियांपुरतीच आहे, तुळई कुठे किती वाकेल यासाठी ती नाही, एवढे मात्र तिथल्या तिथे बजावून सांगावे लागते, कारण गोळा टांगल्यावर तुळईच्या मध्यभागी येणारा ताण वेगळाच असतो आणि ते सुया दाखवू शकत नाहीत.

तिरक्या भारांचा प्रयोग या उपकरणावर होणार नाही, कारण दोन्ही टोके नुसती टेकवलेली असून आडवा रेटा घेणारी बिजागरी कुठेच नाही. रंगकाम ठीक आहे. खाचेची वजने तपासली असता सर्व पुरेशी अचूक निघाली. बैठकीचे समपातळी स्क्रू सैल होते, ते आवळून घेतले.

आता घ्यावे की न घ्यावे याबद्दल. ज्यांना केवळ अभ्यासक्रमातील एक प्रयोग उरकून जर्नलवर सही मारायची आहे, त्यांना यापेक्षा स्वस्त आणि जुनी लाकडी तुळईही पुरेल. ज्यांच्याकडे शिकवणारा माणूस नवी पट्टी चिकटवण्याइतका, काटे ज्ञात वजनांनी तपासण्याइतका आणि भार टेकूबाहेर टांगून पाहण्याइतका वेळ देऊ शकतो, त्यांनी हे उपकरण अवश्य घ्यावे. मात्र मागणीपत्रातच तीन गोष्टी लिहून द्याव्यात: मोजपट्टीचे शून्य टेकूच्या धारेवर असावे, तबकडी ५० ग्रॅम लीस्ट काउंटची असावी आणि दोन्ही काट्यांचे तपासणीपत्र सोबत यावे. आमच्या मागणीपत्रात यांपैकी एकही अट नव्हती, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. उसना आणलेला तिसरा काटा परत करून आता महिना झाला. नव्या काट्याचे दरपत्रक मागवले आहे आणि ते लेखाविभागाच्या टेबलावर पडून आहे.